चांद्रविजयावरील वितंडा

मनुष्य चंद्रावर गेलाच नाही, अमेरिकेने स्टुडिओत चित्रीकरण करून जगाच्या डोळ्यांत धूळ फेकली, असे ठामपणे सांगणारी मंडळी आपल्या घरांत आणि बैठकांतही भेटतात. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर महासत्तेचे बिंग फोडल्याचा आनंद असतो. त्या आनंदामागील कारण समजण्याजोगे आहे. १९९२ साली क्रायोजेनिक तंत्रज्ञानाच्या व्यवहारावरून अमेरिकेने 'इस्रो'वर निर्बंध लादले आणि पुढच्याच वर्षी तिच्या दडपणामुळे रशियाने माघार घेतली, हे आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. परंतु अमेरिकेविषयीचा रोष म्हणजे काही चांद्रविजयाविरुद्धचा पुरावा नव्हे.

न्यायशास्त्रात गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्याच्या शोधासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा कोणताही पक्ष सिद्ध न करता समोरच्याचे नुसते खंडन करीत राहणे ही वितंडा. आपला 'वितंडवाद' हा शब्द तिथूनच आला. चांद्रविजय नाकारणाऱ्यांची रीत नेमकी ही आहे. हवा नसताना ध्वज फडकतो कसा, असे ते विचारतात. ध्वजाच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती आणि अपोलो-११ च्या अंतराळवीरांना ती पूर्ण उघडता न आल्याने कापडाला चुण्या राहिल्या, हे सांगितले की ते ताऱ्यांकडे वळतात. छायाचित्रांत तारे का नाहीत? रात्री झगमगत्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काढून पाहावे. त्याच्या मागच्या आकाशातही तारे उमटत नाहीत. इतके झाले की सावल्यांची पाळी येते. मात्र अपोलो प्रकल्पात राबलेली सुमारे चार लाख माणसे गप्प कशी राहिली, किंवा ज्यांचे लुना-१५ हे यान त्याच आठवड्यात चंद्राभोवती फिरत होते आणि २१ जुलै १९६९ रोजी चंद्रावर आदळले, त्या सोव्हिएत प्रतिस्पर्ध्यांनी हे बिंग का फोडले नाही, याचे उत्तर देण्याची जबाबदारी या मंडळींवर कधीच नसते.

या आक्षेपांचे मूळ १९७६ साली बिल केसिंग यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. अग्निबाणाची इंजिने बनविणाऱ्या कंपनीत ते तांत्रिक लेखनाचे काम करीत आणि १९६३ मध्येच त्यांनी ती नोकरी सोडली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये फॉक्स वाहिनीने या आक्षेपांवर कार्यक्रम दाखविला आणि ते घरोघर पोहोचले. पुढच्या वर्षी 'नासा'ने जेम्स ओबर्ग या लेखकाला पंधरा हजार डॉलर देऊन खंडनाचे पुस्तक लिहून घेण्याचे ठरविले. त्यावर टीका उसळली की असल्या बडबडीला उत्तर देणे म्हणजे तिला प्रतिष्ठा देणे होय, आणि 'नासा'ने बेत गुंडाळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बहात्तर वर्षांच्या बझ ऑल्ड्रिन यांना एका आक्षेपकाने भर रस्त्यात गाठून खोटारडा, भेकड म्हटले, तेव्हा त्यांनी त्याला ठोसा लगावला. सरकारी वकिलांनी त्यांच्यावर खटला भरला नाही. ठोशाचे समर्थन आम्ही करणार नाही, परंतु त्या वृद्धाचा संताप समजतो.

मग उत्तर द्यावे की न द्यावे? न्यायसूत्रांतच याचे सुंदर उत्तर आहे. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्या लावाव्यात, तसा जल्प आणि वितंडेचा उपयोग तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी करावा, असे तेथे म्हटले आहे. आपला शेतकरी बाभळीच्या फांद्यांची वई घालतो ती रोपांभोवती. वाळल्या खोडाभोवती नव्हे. ज्याचे मत पक्के झाले आहे, त्याच्यासाठी 'नासा'ने शंभर पुस्तके छापली असती तरी ती त्याला कटाचाच पुरावा वाटली असती. तेवढ्यापुरते टीकाकार बरोबर होते. परंतु त्या कार्यक्रमाने गोंधळलेल्या शाळकरी मुलांचे आणि त्यांच्या शिक्षकांचे काय? त्यांना उत्तर मिळायला हवे होते. पुस्तकाचा बेत सोडून 'नासा'ने चूक केली, असे आमचे मत आहे.

आपल्या मुलांना उत्तर देण्यासाठी तर अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. सहा मोहिमांनी मिळून आणलेल्या ३८२ किलो दगडमातीपैकी काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. चंद्राला वातावरणाचे कवच नाही. त्यामुळे विश्वकिरणांतील जड अणुकेंद्रे थेट खडकांवर आदळतात आणि स्फटिकांत अतिसूक्ष्म जखमांचे माग सोडतात. रसायनाने ते माग उघडे करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की तो दगड किती काळ उघड्यावर पडून होता, हे कळते. पृष्ठभागापासून आत जावे तसतशी मागांची दाटी कमी होत जाते. लक्षावधी वर्षांची ही नोंद १९६९ च्या कोणत्याही भट्टीत घडविता आली नसती. कुलाब्यात बसून ती वाचणारे भारतीय वैज्ञानिक काही 'नासा'चे पगारी साक्षीदार नव्हते.

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. संगणकासाठी संस्कृत ही सर्वोत्तम भाषा असल्याचे 'नासा'ने जाहीर केले, हा संदेश आपल्यातील कितीतरी जण हौसेने पुढे पाठवितात. वस्तुस्थिती एवढीच की 'नासा'त काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ साली संस्कृत व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी एक लेख लिहिला. संस्थेने तशी घोषणा केलेली नाही आणि पाणिनीला तिच्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही. सकाळी 'नासा' प्रमाण आणि सायंकाळी तीच 'नासा' खोटारडी, ही कसली प्रमाणमीमांसा?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि लगोलग तेही संगणकावर रचलेले चित्र असल्याचे म्हणणारे निघाले. तेव्हा आपल्याला राग आला. वास्तविक शस्त्र तेच होते, फक्त आता ते आपल्यावर रोखलेले होते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी 'विक्रम' चंद्रावर आदळले, ते अपयश साऱ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिले. त्यातून शिकून पुढच्या यानाचे पाय मजबूत केले गेले, उतरण्याचे क्षेत्र वाढविले गेले. नाटकच करायचे असते तर पहिल्याच प्रयोगात ते यशस्वी झाले असते.

चांद्रयान-२ चा कक्षायान भाग मात्र शाबूत राहिला. २०२१ मध्ये त्याच्या कॅमेऱ्याने अपोलो-११ जेथे उतरले ती जागा टिपली. यानाचा तेथेच राहिलेला खालचा भाग त्या छायाचित्रात दिसतो. घरातील मुलाने शंका काढली, तर आपल्या यानाने काढलेले ते छायाचित्र त्याला दाखवावे आणि कुलाब्यात आलेल्या त्या दगडांची हकीगत सांगावी. त्याच्या काकांनी तोच विषय पंधराव्यांदा काढला, तर त्यांना चहा द्यावा आणि क्रिकेटविषयी बोलावे.