पहिल्या गाण्याला टाळ्या, दुसऱ्याला काय?



आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या वेळापुरात मुक्कामाला येते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहाची दुकाने, फराळाचे मंडप आणि प्रत्येक मंडपात कर्णा लावलेला असतो. त्या कर्ण्यातून दिवसभर एक आवाज ऐकू येतो, तो प्रल्हाद शिंदे यांचा. पंढरपूर ओलांडले की मंगळवेढा. तिथला हा माणूस, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा आणि आपल्याच समाजाचा. जन्म १९३३ चा, निधन २००४ साली. विठ्ठलाची गाणी ऐकून डोळे पुसणाऱ्या कितीतरी वारकऱ्यांना हे ठाऊकही नसते की याच गळ्याने भीमगीतेही गायली. पुढे आनंद आणि मिलिंद ही मुले गायक झाली, नातू आदर्शही गायला लागला. ऐंशीच्या दशकात आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने तर घराघरातले टेपरेकॉर्डर दणाणून सोडले होते.

ही आठवण काढण्याचे कारण असे. ज्याचे एक गाणे गाजते त्याच्याकडे बाजार पुन्हा तेच मागतो. पोपट गाजला की दुसरा पोपट हवा असतो. त्या मागणीच्या रेट्यातही आनंद शिंदे यांनी भीमगीते सोडली नाहीत, हे आपण विसरता कामा नये. पहिली कॅसेट निघते ती हौसेने. खरी परीक्षा असते दुसऱ्या कॅसेटची. गाणाऱ्याला खरोखर काही सांगायचे आहे का, आणि ऐकणारे त्याच्यामागे उभे आहेत का, हे तिथे कळते. शिंदे यांच्यामागे वडिलांचे नाव आणि घरातली गाण्याची परंपरा होती. ज्या मुलीमागे असे घराणे नाही, तिने काय करावे? याचे उत्तर शोधताना आम्हांला पंजाबातल्या एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटते.

तिचे नाव गिन्नी माही. जन्म १९९८ चा, गाव जालंधर. समाज रविदासिया, म्हणजे ज्यांना आपण महाराष्ट्रात संत रोहिदास म्हणतो त्या गुरू रविदासांना मानणारा चर्मकार समाज. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती गाते. २०१५ साली तिचा पहिला अल्बम निघाला, ‘गुराँ दी दीवानी’. नावावरूनच कळते की तो गुरूच्या भक्तीचा होता. लहान मुलगी, आवाज खणखणीत. लोकांनी कौतुक केले. इथपर्यंत सगळे आपल्याकडच्यासारखेच.

पुढच्याच वर्षी, २०१६ साली, दुसरा अल्बम आला, ‘गुरुपुरब है कांशी वाले दा’. कांशीवाला म्हणजे काशीचे गुरू रविदास. माघ पौर्णिमेला त्यांची जयंती असते, त्या उत्सवाचे हे नाव. म्हणजे दुसऱ्या खेपेलाही तिने आपला गुरू आणि आपली माणसे सोडली नाहीत. त्याच काळात तिची आणखी दोन गाणी गाजली. एक बाबासाहेबांवरचे, त्यांच्याशी बापलेकीचे नाते सांगणारे. दुसरे ‘डेंजर चमार’. त्यामागची हकिगत तिने अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. कॉलेजातल्या एका मुलीने तिला जात विचारली. हिने सांगितली. तेव्हा ती मुलगी म्हणाली की हे लोक तर फार डेंजर असतात. दुसरी एखादी मुलगी घरी येऊन रडली असती. हिने त्याच शब्दाचे गाणे केले.

हे धाडस समजायचे तर पंजाबची हवा माहीत हवी. तिथल्या गाण्यांत जाट जमीनदाराची ऐट, त्याची गाडी आणि त्याची बंदूक यांचाच बोलबाला असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या जवळजवळ ३२ टक्के आहे. देशातल्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके नाही. तरीही गाण्यात मात्र त्यांना जागा नव्हती. ती जागा त्यांनी स्वतः केली. १९२६ साली मंगूराम मुगोवालिया यांनी आद धर्म चळवळ उभी केली. पुढे २००९ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात रविदास मंदिरावर हल्ला झाला आणि संत रामानंद यांचा त्यात बळी गेला. त्यानंतर पंजाबातल्या तरुणांत स्वाभिमानाच्या गाण्यांची लाटच आली. रूपलाल धीर यांच्यासारखे गायक त्यात होते. त्या लाटेत बहुतेक आवाज पुरुषांचे होते. गिन्नी त्यात शाळा-कॉलेजच्या वयात उभी राहिली.

इथे काही वाचक विचारतील, आणि विचारायलाच हवे, की जातीचे नाव घेऊन अभिमान मिरवणे बाबासाहेबांच्या विचारात बसते का? प्रश्न रास्त आहे. ‘जातीचे निर्मूलन’ हे भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले ते पंजाबातल्याच लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी. मंडळाला त्यातला मजकूर मानवला नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. त्यांना जात सजवायची नव्हती, मोडायची होती. आम्हांलाही वाटते की जातीचा अभिमान हा मुक्कामाचा गाव नव्हे. पण जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जातो, तो उचलून ‘हो, तो मीच’ असे म्हणणाऱ्या मुलीला आधी ताठ तर उभे राहू द्या. खाली मान घातलेला माणूस जात मोडू शकत नाही. पुढचा रस्ता तिने कसा चालावा हे तिच्याशी बोलता येईल, पण ती गाणेच थांबवून घरी बसली तर बोलायचे कोणाशी?

आता आपल्या घरातले बोलू. आमच्या भागातल्या एका वस्तीत काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला नववीतली एक मुलगी गायली होती. पेटी वाजवायला तिचा मामा आणि डफलीवर शेजारचा पोरगा, एवढाच सरंजाम. पण गळा असा की म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या. टाळ्या झाल्या. तिला एक वही, एक पेन आणि एक्कावन्न रुपयांचे पाकीट देण्यात आले. पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिका लिहिताना आम्ही तिचे नाव विचारले, तर मंडळातले कोणी काही बोलेना. म्हणून घरी गेलो. तिची आई भांगलणीवरून नुकतीच आली होती. म्हणाली, “भाऊ, पोरगी मोठी झाली आता. स्टेजवर गाती म्हणल्यावर सोयरे काय म्हणत्याल? आन् दहावी हाय औंदा.” मुलगी चुलीजवळ बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

आम्ही आईला दोष देत नाही. तिच्या काळजीत खोटे काही नव्हते. दोष आमचा आहे. त्या वर्षीचा जमाखर्च आम्हीच लिहिला होता. डीजेच्या नावावर पाच आकडी रक्कम, मांडवाची वेगळी, फटाक्यांची वेगळी. त्या मुलीसाठी पेटी शिकवणारा माणूस लावावा असा एकही रुपया त्या वहीत नव्हता. दहावीचा अभ्यास सांभाळून आठवड्यातून दोन दिवस तिला शिकवू, जाण्यायेण्याची सोबत आम्ही करू, असे आम्ही त्या माउलीला सांगितले असते तर कदाचित ती वेगळे बोलली असती. आम्ही टाळ्या वाजवून घरी आलो होतो. पहिल्या गाण्याला टाळ्या पुरतात, पण दुसरे गाणे उभे राहायला कोणीतरी खर्च आणि सोबत अंगावर घ्यावी लागते.

गिन्नीच्या बाबतीत नेमके तेच घडले. आई-वडील तिच्यामागे उभे राहिले, वडिलांनी कार्यक्रमांची जबाबदारी उचलली. समाजाने जत्रेत, जयंतीत तिला बोलावले, आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा बोलावले. शिक्षणही सुटले नाही. तिने कॉलेजात संगीताचा अभ्यास केला आणि संगीतात पीएच.डी. करून नावापुढे डॉक्टर लावायचे हे स्वप्न बोलून दाखवले. गाणे आणि शाळा या दोन सवती नव्हेत, हे तिच्या घराला कळले होते.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो, कारण आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. कॅसेटच्या जमान्यात आपल्या कित्येक गीतकारांना आणि गायकांना एकरकमी पैसे हातावर ठेवून सही घेतली जाई. गाणे वर्षानुवर्षे वाजे, लिहिणारा मात्र बिगारी कामावर जाई. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखला गेला आणि गायकांचा हक्कही मान्य झाला. तेव्हा आपल्या मुलाने किंवा मुलीने गाणे ध्वनिमुद्रित केले तर कागद वाचल्याशिवाय सही करू देऊ नका. समजत नसेल तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटले ते यासाठीही होते.

शेवटी एवढीच विनंती. येत्या जयंतीला वर्गणीची वही उघडाल तेव्हा डीजेच्या रकमेतून थोडा भाग बाजूला काढा. त्यातून वस्तीतल्या एका मुलीला पेटी शिकवा आणि पुढच्या वर्षी तिचेच नाव पत्रिकेत पहिल्या ओळीत लिहा. तिच्या आईला विचारायला मंडळातल्या दोन बायकांना पाठवा. पुरुषांनी विचारलेले आणि बायकांनी विचारलेले यात फरक पडतो.

आम्ही ज्या मुलीबद्दल लिहिले ती आता सासरी नांदते. तिच्या गावची बाई परवा बाजारात भेटली. म्हणाली, लेकराला झोपवताना अजून गाते, बाहेर ओट्यापर्यंत ऐकू येते. ऐकून बरे वाटले आणि वाईटही वाटले.

जयभीम.