विश्लेषण : वांग, काळे डाग आणि लेझर… भीमाशंकर परिसरातल्या उन्हात राबणाऱ्या त्वचेसाठी धोका नेमका कुठे?

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर ‘सहा सिटिंगमध्ये नको असलेल्या केसांपासून कायमची सुटका’ अशा जाहिराती दिसू लागतात. त्या आता फक्त पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. घोडेगाव, जुन्नर आणि भीमाशंकरच्या घाटमाथ्यावरच्या गावांतल्या मुलींच्या हातातही मोबाइल आहे. पण जाहिरातीतली त्वचा वेगळी आणि भातखाचरात, बांधावर, हिरड्याच्या झाडाखाली दिवस काढणारी त्वचा वेगळी. साधा फोड आला तरी महिनोन्‌महिने काळा डाग धरणारी, गालांवर वांग असलेली त्वचा लेझरखाली वेगळी वागते. म्हणून अशा त्वचेला लेझर वर्ज्य आहे, असं नाही. मात्र मशीन, वेळ किंवा मशीन चालवणारी व्यक्ती यांपैकी एक जरी चुकलं, तरी केस जातात आणि डाग मागे राहतो.

सावळ्या त्वचेवर डाग का पडतो?

लेझरने केस काढण्यामागचं तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक रंगाच्या घटकातच शोषला जातो. तिथे उष्णता तयार होते आणि तेवढाच भाग नष्ट होतो. केसांच्या बाबतीत हा घटक म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य. केसाच्या मुळाशी असलेलं मेलॅनिन तापतं आणि मूळ निकामी होतं. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, म्हणून त्यावर लेझर चालत नाही.

अडचण अशी की मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं. त्वचा जितकी सावळी, तितका जास्त प्रकाश वरच अडतो आणि उष्णता मुळाऐवजी त्वचेला लागते. कधी फोड येतात, तर कधी वरून काही दिसत नाही, पण आत दाह होतो. डाग धरणाऱ्या त्वचेला तेवढा दाहही पुरतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथे काळसर ठिपके किंवा पट्टे उमटतात.

त्वचेचा प्रकार ठरवण्यासाठी डॉक्टर ‘फिट्झपॅट्रिक’ मोजपट्टी वापरतात. १९७५ मध्ये ती तयार झाली तेव्हा गोऱ्या त्वचेचाच विचार होता. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय त्यातल्या तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात मोडतात.

कोणतं मशीन तुलनेने सुरक्षित?

‘लेझर’ या एका शब्दामागे अनेक यंत्रं असतात. अलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची साधारण ८०० ते ८१० आणि एनडी-याग लेझरची १०६४. तरंगलांबी वाढते तसं वरच्या थरातलं मेलॅनिन कमी प्रकाश शोषतं आणि प्रकाश जास्त खोल जातो. त्यामुळे गडद त्वचेसाठी एनडी-याग सर्वात सुरक्षित मानलं जातं. डायोडही वापरता येतं, पण ऊर्जा बेताची, प्रकाशाचा झोत अधिक वेळ चालणारा आणि त्वचा थंड ठेवण्याची सोय चांगली हवी. एनडी-याग जास्त दुखतं आणि बारीक केसांवर त्याचा परिणाम कमी होतो. सुरक्षिततेसाठी ही किंमत मोजावी लागते.

अनेक पार्लरमध्ये लेझर म्हणून जे वापरलं जातं ते प्रत्यक्षात ‘आयपीएल’ असतं. त्यात एका नव्हे तर अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि गडद त्वचेवर भाजण्याचा धोका वाढतो. घरी वापरायची बहुतेक उपकरणंही याच प्रकारातली असतात. त्यामुळे ‘लेझर आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘मशीन कोणतं आणि तरंगलांबी किती?’ हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळत नसेल तर तिथून परत फिरावं.

घाटमाथ्यावरच्या उन्हाचा काय संबंध?

भीमाशंकर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. हवा गार असल्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा काळवंडतेच. पावसाळ्यातलं धुकंही फसवं असतं, कारण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा हिस्सा खाली येतो.

उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेझर करू नये. निदान चार ते सहा आठवडे कडक उन्हापासून दूर राहून मग सुरुवात करावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. उन्हाळ्यात बाळहिरडा, जुलैत भातलावणी, दिवाळीच्या आसपास कापणी. त्यात लेझरची सहा ते आठ सत्रं, दोन सत्रांमध्ये चार ते आठ आठवडे. म्हणजे जवळपास वर्षभराचं काम, आणि वर्षभर सावलीत बसणं इथे कोणालाच शक्य नाही.

म्हणूनच चेहरा आणि काख यांचा विचार वेगळा करावा लागतो. काख कपड्याखाली झाकलेली असते, तिथले केसही जाड असतात. तिथे धोका कमी आणि परिणाम चांगला. चेहऱ्यावर मात्र ऊन रोजचं आणि वांगही तिथलंच. ऊन टाळता येत नसेल तर चेहऱ्याचं लेझर पुढे ढकलणं शहाणपणाचं.

क्रीम, केस आणि लेझर यांचं दुष्टचक्र काय आहे?

अनेकींच्या बाबतीत गडबड लेझरच्या आधीच सुरू झालेली असते. वांग जावं म्हणून दुकानातून ‘गोरं करणारी’ क्रीम आणली जाते. तिच्यात स्टिरॉइड असेल तर पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, मुरमं येतात आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. मग ते केस काढायला लेझर केलं जातं, आणि आधीच कमकुवत झालेली त्वचा पुन्हा भाजते.

हे अपवादात्मक नाही. देशातल्या १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक क्रीमची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री रोखण्यासाठी नियम बदलला. म्हणून लेझरआधी सध्या लावत असलेल्या क्रीमची ट्यूब डॉक्टरांना दाखवणं सर्वात महत्त्वाचं. क्रीम एकदम बंद केली तर चेहरा भडकू शकतो. ती कशी थांबवायची हेही डॉक्टरांनीच ठरवावं.

केस अचानक वाढले असतील तर?

हनुवटीवर जाड केस, अनियमित पाळी आणि मुरमं असा त्रास एकत्र असेल तर पीसीओएसची तपासणी आधी व्हायला हवी. कारण हार्मोन्सचं असेल तर लेझरनंतरही नवे केस येत राहतात. गालांवरच्या बारीक लवेवर लेझर करणं तर उलटंही पडू शकतं. काही जणींमध्ये, विशेषतः चेहरा आणि मानेवर, केस कमी होण्याऐवजी जाड झाल्याचं आढळलं आहे. ‘कायमची सुटका’ हा शब्दही फसवा आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या यंत्रांना मान्यता दिली आहे ती केस ‘कायमस्वरूपी कमी करण्यासाठी’, पूर्ण नाहीसे करण्यासाठी नाही.

सत्राआधी आणि नंतर काय पाहावं?

त्वचारोगतज्ज्ञांची नोंदणी तपासता येते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने २०२५ मध्ये डॉक्टरांसाठी क्यूआर कोडची सोय आणली. तो स्कॅन केला की नोंदणी आणि पात्रता दिसते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि प्रत्यक्ष मशीन धरणारी व्यक्ती एकच आहे का, हेही विचारावं.

पूर्ण चेहऱ्याआधी कानाजवळ किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी व्हावी. भाजलं आहे का ते दोन दिवसांत कळतं, पण डाग उशिरा उमटतो. त्यामुळे डाग धरणाऱ्या त्वचेसाठी दोन आठवडे थांबणं चांगलं. सत्राआधीचे चार-सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि उपटणं बंद ठेवावं, कारण मूळच निघालं तर लेझरला लक्ष्य उरत नाही. दाढीच्या ब्लेडने केस काढलेले चालतात. गर्भारपण, चालू असलेल्या गोळ्या, पांढरे डाग, जखमेचे जाड व्रण होण्याची सवय किंवा ओठांवर वरचेवर येणारे फोड यांतलं काही असेल तर ते आधी सांगावं.

सत्रानंतर केसांच्या मुळांभोवती बारीक सूज आणि लाली येते आणि एक-दोन दिवसांत जाते. मात्र असह्य जळजळ, त्वचा राखाडी पडणं किंवा फोड येणं हे भाजल्याचं लक्षण आहे. सत्र चालू असतानाच असं जाणवलं तर तिथेच थांबवायला सांगावं. घरी लिंबू, टूथपेस्ट, हळद लावू नये. थंड पाण्याची घडी ठेवावी आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं. रोजच्या वापरासाठी त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन वांग असलेल्यांना जास्त उपयोगी पडतं, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. शेतात जाताना त्याच्या जोडीला पदर, ओढणी किंवा रुंद टोपी हवीच.

काही बिघडलं तर पैसे भरल्याची पावती, मशीनचं नाव आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवावेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागताना तेच पुरावे लागतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पण वेळ तिथपर्यंत येऊ नये, हेच बरं. हनुवटीवरचे केस एक हंगाम थांबले तर फार काही बिघडत नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी घाईने केलेल्या लेझरचा डाग मात्र लग्नाच्या फोटोत तर दिसतोच, पुढचे कित्येक महिने आरशातही दिसत राहतो.