‘कात’ की ‘काट’?

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (स्थापना १९३८) तुम्ही चरखे पाहिले असतील. पेटीचरखा एका चातीवर सूत काढतो, अंबर चरखा अनेक चात्यांवर. हुकूम मात्र एकच : ‘कात!’ संगणकाच्या वस्तुकेंद्री भाषांत ‘चरखा’ या मूळ वर्गातली ‘कात’ ही कृती ‘अंबर’ हा उपवर्ग आपल्या रीतीने पुन्हा लिहितो. नॉर्वेच्या ‘सिम्यूला ६७’ भाषेतही ही सोय होती.

पण उपवर्गात चुकून ‘काट’ लिहिलेत तर? यंत्र तक्रार करीत नाही, गुपचूप जुनीच कृती चालवते! विद्यार्थी बिचारा तासन्‌तास चूक शोधत बसतो. जावा भाषेत २००४ पासून ‘ओव्हरराइड’ अशी खूण लिहिता येते. मग कंपायलरच ही चूक पकडतो. खूण ऐच्छिक आहे. शिक्षकांनी मात्र ती पहिल्या तासापासून सक्तीची करावी, असे माझे मत आहे.