शेवाळलेला शिवकाळ

दिवाळीतील किल्लेस्पर्धांच्या परीक्षणासाठी मराठीच्या प्राध्यापकांनाच का बोलावतात, हे कोडे आम्हांला अद्याप उलगडलेले नाही. तरीही आम्ही दोघे रत्नागिरीतील गल्लीबोळांतून दरवर्षी गुणपत्रिका घेऊन हिंडतो. त्यामुळे पुढे जो आरोप करीत आहोत, त्यात पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आरोप असा की, ‘वास्तवदर्शी’ या एका शब्दाने आपण मुलांच्या किल्ल्यांतून इतिहास हद्दपार केला आहे. गुणपत्रिकेत सर्वाधिक गुण याच शब्दापुढे असतात आणि त्याचा अर्थ मुलांनी, त्यांच्याहूनही अधिक पालकांनी, नेमका ओळखला आहे. चिऱ्यांच्या सांध्यांत काळा रंग भरायचा, तटावर हिरवी भुकटी भुरभुरायची, एखादा बुरूज मुद्दाम ढासळवायचा. मग परीक्षक उद्गारतात, “अगदी खरा वाटतो!” खरा म्हणजे कोणता? शाळेच्या सहलीत पाहिलेला!

याच पडक्या रायगडावर पुढे १६७४चा राज्याभिषेक भरतो. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांपुढे जळालेल्या वाड्यांची आजची उघडी जोती, त्यांवर सिंहासनस्थ महाराज आणि काही अंतरावर त्यांचीच समाधी! जिवंत राजाला स्वतःच्या समाधीसमोर बसवणाऱ्या या वास्तववादाला आम्ही ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिलेला आहे. विजयदुर्गाची तटबंदी मुख्यतः जांभ्याची; पण स्वतःचे घर जांभ्याचे असलेला मुलगाही ती काळीकुट्ट रंगवतो, कारण चित्रांतले किल्ले काळे असतात.

हा दोष केवळ आपला नव्हे. युद्धसाहित्याच्या लघुप्रतिकृती बनवणाऱ्या परदेशी छांदिष्टांतही हा वाद आहेच. कारखान्यातून निघून काही महिन्यांतच रणांगणावर जळून गेलेल्या रणगाड्यावर पन्नास वर्षांचा गंज चढवावा काय? गंज डोळ्यांना पटतो, पण म्हणून तो खरा ठरत नाही.

‘पोरांचा खेळ तो, त्याची एवढी चिकित्सा कशाला?’ असे कुणी म्हणेल. खेळाला आमचा आक्षेप नाहीच. गुहेतला वाघ, अळिवाची शेती, महादरवाजाहून उंच महाराज हे सारे आम्हीही केले आहे. त्या उंचीने कुणाची फसवणूक होत नव्हती. ती आदराची उंची होती. फसवणूक सुरू होते ती कल्पनेला प्रमाणबद्धतेचा आणि अस्सलपणाचा मुलामा चढवला की.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत आपल्या जिल्ह्यातील हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. हा मान ‘लष्करी भूदृश्ये’ म्हणून मिळाला आहे. डोंगर, समुद्र, वाट आणि तट यांची सांगड घालणाऱ्या बुद्धीचा तो सन्मान आहे, शेवाळाचा नव्हे.

त्याच वर्षीच्या दिवाळीत एका मुलाने अंगणात साध्या लाल मातीचा सुवर्णदुर्ग केला होता. माती तडकली होती, रंगाचा पत्ता नव्हता. त्याने आम्हांला जमिनीलगत वाकायला लावले. “सर, इथून दरवाजा दिसतो का?” दिसत नव्हता. दोन बुरुजांच्या वळणाआड तो लपला होता. शत्रूला त्यावर नेम धरता येऊ नये, म्हणून. किल्ल्याचे मर्म त्या मुलाने हातांनी जाणले होते. आम्ही शेरा लिहिला, ‘फिनिशिंग कमी’, आणि पुढच्या अंगणात गेलो.

आयोजकांना आमची विनंती आहे की, गुणपत्रिकेतून ‘वास्तवदर्शी’ हा शब्द काढून टाकावा आणि त्या जागी तीन प्रश्न छापावेत. हा किल्ला कोणत्या सालातला? शत्रू कोठून येईल? वेढा पडल्यास पाणी कोठून मिळेल? रंगाचा डबा घरी असो वा नसो, यांची उत्तरे कोणत्याही मुलाला शोधता येतील. परीक्षकांना मात्र आधी अभ्यास करावा लागेल. आणि आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे.