बाळंतविडा आणि डांबराच्या गोळ्या

घरांत बाळंतपण ठरलें म्हणजे माळ्यावरची जुनी ट्रंक खालीं येते. थोरल्या भावंडांचीं झबलीं, टोपडीं, दुपटीं तींत नीट घडी करून ठेविलेलीं असतात आणि कसर लागूं नये म्हणून मधून मधून डांबराच्या गोळ्याहि टाकलेल्या असतात. नव्या बाळाला घरांतलें जुनें, धुऊन मऊ झालेलें वस्त्र घालावें ही आपली चाल चांगलीच आहे. परंतु त्या गोळ्यांचा आणि बाळाच्या रक्ताचा कांहीं संबंध असूं शकतो, हें फार थोड्या घरांत ठाऊक असतें. त्या संबंधाचें शास्त्र आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आपल्या शरीरांतील प्रत्येक जिवंत पेशींत विकरें, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारीं प्रथिनें, अहोरात्र राबत असतात. त्यांपैकीं कित्येकांचें काम एका पदार्थाचा हायड्रोजन काढून दुसऱ्यास देण्याचें असतें. ज्याचा हायड्रोजन गेला त्याचें ऑक्सिडीकरण झालें, ज्यास मिळाला त्याचें क्षपण झालें. ही देवघेव होण्यास मधला वाहक लागतो. असे दोन वाहक मुख्य आहेत: एनएडीएच आणि एनएडीपीएच. दोहोंच्या घडणींत नायसिन हें 'ब' वर्गांतील जीवनसत्त्व असतें आणि दोहोंमध्यें फरक काय तो एका फॉस्फेट गटाचा. परंतु तेवढ्या खुणेवरून विकरें आपापला वाहक बरोबर ओळखतात. एनएडीएच अन्नांतील हायड्रोजन श्वसनक्रियेच्या हवालीं करून शक्ति मिळवून देतो. एनएडीपीएच मेदासारखे पदार्थ घडविण्याच्या आणि पेशीच्या संरक्षणाच्या कामीं येतो. रोजच्या बाजारहाटाचे पैसे निराळे आणि अडीअडचणीची शिल्लक निराळी ठेवावी, तशांतलाच हा प्रकार आहे.

यांपैकीं पहिल्या वाहकाचा सुगावा १९०६ सालीं आर्थर हार्डन व विल्यम यंग यांना लंडन येथें यीस्टच्या रसावर प्रयोग करतांना लागला. दुसरा वाहक ओटो वारबुर्ग यांनीं १९३० नंतरच्या दशकांत बर्लिन येथें घोड्याच्या तांबड्या रक्तपेशींतून वेगळा केला.

तांबड्या पेशीची स्थिति मोठी नाजूक आहे. ती सुमारें १२० दिवस जगते. पण तिला केंद्रक नसल्यामुळें झिजलेलें विकर तिला नव्यानें करतां येत नाहीं. शिवाय एनएडीपीएच मिळविण्याचा तिला एकच मार्ग आहे, आणि त्या मार्गावरील पहिलें विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज; डॉक्टर त्यास थोडक्यांत जी-६-पीडी म्हणतात. त्यानें मिळविलेल्या एनएडीपीएचच्या बळावर ग्लुटाथायोन रिडक्टेज हें दुसरें विकर ग्लुटाथायोन नांवाचें संरक्षक द्रव्य सज्ज ठेवतें, आणि तें द्रव्य पेशींत उत्पन्न होणारें हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करतें. जी-६-पीडी जन्मतःच दुबळें असेल तर एरवीं कांहीं बिघडत नाहीं. मात्र एखादा तीव्र पदार्थ रक्तांत शिरला कीं शिल्लक संपते, रक्तांतील हिमोग्लोबिन बिघडतें आणि पेशी फुटूं लागतात.

हें कोडें उलगडलें तें हिवतापाच्या औषधामुळें. प्रायमाक्विन कांहीं जणांस बाधतें, त्यांचें रक्त फुटून लघवी काळसर होते, असें दिसून आलें होतें. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील तुरुंगांत कैद्यांवर त्याचे प्रयोग चालले होते. त्यांतूनच १९५६ सालीं पॉल कार्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं दोष याच विकराचा असल्याचें दाखविलें. आज जगांत सुमारें ४० कोटि लोकांत ही उणीव असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे तिचें प्रमाण जातीजमातींनुसार कमीअधिक असून पारशी समाजांत तें बरेंच अधिक आढळलें आहे; पण कोणताहि समाज तींतून अगदीं सुटलेला आहे असें समजूं नये.

डांबराच्या गोळ्या पुष्कळदां नॅफ्थॅलीनच्या असतात. त्याची वाफ श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरांत शिरते व तेथें तिच्यापासून असेच तीव्र पदार्थ बनतात. बाळाला तेल लावून लगेच असे कपडे घातले तर तें द्रव्य त्वचेंतून अधिकच शोषलें जाण्याचा संभव असतो. नवजात अर्भकाच्या यकृताला फुटलेल्या रक्ताचा निचरा करण्याचें बळ पुरतें आलेलें नसतें; त्यामुळें कावीळ वाढून मेंदूलाहि कायमची इजा होऊं शकते. म्हणून बाळंतविड्यांत या गोळ्या मुळींच ठेवूं नयेत. ठेविल्याच असतील तर कपडे पुनः पुनः धुऊन, उन्हांत वाळवून, वास समूळ गेल्याखेरीज वापरूं नयेत. लहान अर्भकास मेंदी लावण्याचीहि हौस करूं नये. तिच्यामुळेंहि अशा मुलांचें रक्त फुटल्याचें आढळलें आहे. बाकला नांवाची शेंगहि अशा माणसांस वर्ज्य आहे. आपला वाल किंवा घेवडा म्हणजे ती नव्हे, तेव्हां त्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

बाळाची कावीळ वाढत चालली, तें पांढरें फटक पडलें, लघवी काळसर झाली किंवा तें अंगावर पिईनासें झालें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें आणि कपड्यांत गोळ्या होत्या हेंहि आवर्जून सांगावें. उणीव ओळखण्याची चाचणी थोड्याशा रक्तावर होते. ती असल्याचें ठरल्यास घरांतील सर्वांस माहीत असावें आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांस, विशेषतः हिवतापाचें औषध घेण्यापूर्वीं, सांगावें.

शेवटीं एक गोष्ट वडीलधाऱ्यांस सांगावीशी वाटते. या विकराचा वारसा एक्स गुणसूत्रावर असल्यामुळें मुलग्याला ही उणीव आईकडून येते, आणि आईला स्वतःला बहुधा कांहींच त्रास नसतो. एवढ्यावरून सुनेला बोल लावणें अन्यायाचें होईल. असे लहानमोठे दोष कोणाच्याच कुळांत चुकलेले नाहींत. तिला दूषण देण्यापेक्षां ट्रंकेंतल्या गोळ्या बाहेर काढणें, हेंच बाळाच्या हिताचें.