जैसलमेरला थांबाल तर गवतापाशी थांबा

हिवाळा लागला की राजस्थानच्या सहलींचे बेत ठरू लागतात आणि स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत जैसलमेर हमखास असते. किल्ला आणि हवेल्या पाहून झाल्या की संध्याकाळी चाळीसेक किलोमीटरवरच्या समच्या वाळूकडे मोर्चा वळतो. उंटाची फेरी, टेकड्यांवरून उधळणारी जीप, तंबूतले नाचगाणे, की झाले वाळवंट पाहून. ज्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरात ही रात्र जाते, ते मात्र बहुतेकांचे न पाहताच राहते. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या आणि १९८० मध्ये घोषित झालेल्या या संरक्षित क्षेत्रात वाळूच्या टेकड्यांचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे. उरलेला भाग गवताचा, खडकाळ माळाचा, खेजडी-केरच्या विरळ झाडोऱ्याचा. वाळवंट जिवंत आहे ते या भागात, आणि प्रवाशाने थांबायला हवे तेही इथेच. हा प्रश्न केवळ पर्यटकाच्या आवडीनिवडीचा नाही. जी जमीन पाहण्याजोगी वाटत नाही, ती वाचवण्याजोगीही वाटत नाही.

सेवण गवताचेच पाहा. वर्षाचा बराच काळ त्याचे वाळके, पिवळट ठोंब धावत्या गाडीतून नजरेतही भरत नाहीत. पण त्याची मुळे वाळू धरून ठेवतात, थारपारकर गाई आणि मेंढ्या त्यावर जगतात, चिंकारा त्यात चरतो आणि माळढोक त्याच्या आडोशाला वावरतो. राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. जगभरात मिळून तो दीडशेच्या आसपासच उरला असावा आणि त्यातले बहुतेक या थरच्या टापूत आहेत. नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय, बहुधा एकच अंडे घालते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला चहूकडचा धोका दिसतो, पण उडताना नेमके समोरचे नीट दिसत नाही. वीजवाहिनीची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढ्या जड देहाला ऐनवेळी वळता येत नाही. थरमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विजेच्या तारांमुळे दरवर्षी वेगवेगळ्या जातींचे मिळून ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे.

या तारा इथेच का आल्या, याचे एक उत्तर ऊन आणि वारा हे आहे. दुसरे उत्तर असे की ही जमीन मोकळी, बिनकामाची मानली गेली. ही समजूत आपल्यालाही परकी नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण माळ हा माळ म्हणूनच मोलाचा आहे हे आपल्या नियोजनात कधी रुजले नाही. कुठे माळ नांगरला गेला, कुठे त्यावर झाडे लावून त्याला ‘हिरवे’ करण्यात आले. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. जे आपल्या दारात घडले, तेच थरमध्ये घडू द्यायचे का?

सौरऊर्जा नको का, असा प्रश्न यावर येईल. हवी, आणि तातडीने हवी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकच्या क्षेत्रातील तारा जमिनीखाली नेण्याचे आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये तांत्रिक अडचणी आणि ऊर्जेची गरज लक्षात घेऊन ते सरसकट बंधन शिथिल केले आणि तज्ज्ञ समिती नेमली. म्हणजे वाद सौरऊर्जा हवी की पक्षी, असा नाही. कोणत्या पट्ट्यातून तार न्यायची आणि कोणत्या पट्ट्यातून अजिबात न्यायची नाही, एवढाच तो आहे. सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत पिल्ले वाढत आहेत. पण त्यांना सोडायला सुरक्षित माळच उरला नाही, तर ती मेहनत पिंजऱ्यातच संपेल.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: माणसांची गर्दी गवतात नेली तर पक्षी उलट बिथरतील. म्हणूनच तंबूंची रांग समवरून उचलून गवतात नेणे हा उपाय नव्हे. पर्यटनाचा हंगाम थंडीचा आणि माळढोकची वीण मुख्यतः उन्हाळा-पावसाळ्यातली, ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. सुदासरीसारख्या राखलेल्या भागात वनखात्याची परवानगी घेऊन, मोजक्या गाड्यांतून, स्थानिक वाटाड्यासोबत सकाळी जाता येते. तंबूंवर पोट असलेल्यांचे काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. या क्षेत्रात कितीतरी गावे आहेत, आणि रस्ता-विजेवरच्या निर्बंधांचा काच ती वर्षानुवर्षे सोसत आली आहेत. देवाच्या नावाने राखलेली ओरणे त्यांच्याच पूर्वजांनी जपली. गवत ओळखणारा गुराखी वाटाड्या झाला आणि त्याची मजुरी त्याच्या हातात पडली, तर माळ राखणे गावाच्याही हिताचे ठरेल.

माळढोक दिसेलच याची खात्री कोणी देऊ नये. चिंकारा, मरुकोल्हा, गिधाडे, सांडा यांच्यासाठीही एक सकाळ सार्थकी लागते. माळरानाच्या बाजूने बोलणारी माणसे आज फार थोडी आहेत. वाघाच्या जंगलाला जसे हजारो कैवारी मिळाले, तसे गवताला अजून मिळायचे आहेत. जैसलमेरचा बेत आखताना समची एक संध्याकाळ ठेवा, पण एक सकाळ सुदासरीसाठी राखून ठेवा आणि तिची परवानगी निघण्याआधीच काढा.