साबणाचा साचा वेगळाच हवा!



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात घरगुती साबण हमखास मांडलेला असतो. तेल कोणते, कॉस्टिक सोडा किती, असे प्रश्न परीक्षक विचारतात. पण 'साचा कशाचा होता?' हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. अक्कलकुवा, धडगाव या सातपुड्यातील तालुक्यांत मोहाची झाडे आहेत. मोहाच्या बियांच्या तेलाचा साबण होतो. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच मोहाच्या तेलाला मात्र साडेतेरा ग्रॅमच्या आसपास पुरतो. एका तेलाचे प्रमाण दुसऱ्याला चालत नाही. साच्याचेही तसेच आहे. जो हाताशी आला तो चालत नाही.

समजा, घाईत तुम्ही मोदकाचा साचा उचललात. तो बहुधा ॲल्युमिनिअमचा असतो. साच्यात ओतलेले मिश्रण म्हणजे तयार साबण नव्हे. त्यात दाहक सोडा अजून शिल्लक असतो. तो ॲल्युमिनिअमला खातो आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. केवळ 2.7 ग्रॅम ॲल्युमिनिअम विरघळले, तरी 3 लिटरांहून अधिक हायड्रोजन तयार होतो! साचा खराब होतो, साबण बिघडतो आणि मिश्रण उसळून डोळ्यांत उडण्याचा धोका असतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही असाच वर्ज्य समजावा.

मग वापरावे काय? सिलिकोनचा साचा किंवा तळाशी त्रिकोणात 5 हा अंक असलेला प्लॅस्टिकचा डबा चालेल. लाकडी खोक्याला आतून बटर पेपर लावला, तर तेही उत्तम. बांबूचे नळकांडे उभे चिरून, आत कागद लावून, पुन्हा दोरीने बांधले, तर फुकटात गोल वड्यांचा साचा मिळेल.

साच्याची निगाही शिकण्यासारखी आहे. वड्या काढल्यावर तो लगेच उघड्या हातांनी धुऊ नका. एक-दोन दिवस तसाच ठेवा. चिकटलेल्या मिश्रणाचाही साबण होतो आणि कोमट पाण्याने सहज निघतो. लाकडी साचा भिजत घालू नका, तो वाकतो. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. प्लॅस्टिकचा साचाही नंदुरबारच्या कडक उन्हात ठेवू नका.

कोणी म्हणेल, "साबणच तर आहे, धुतला की साचा स्वच्छ!" पण लाकडाच्या छिद्रांत अंश राहतो, सिलिकोनमध्ये वास मुरतो. शिवाय धाकट्या भावंडांना खाऊचा साचा कोणता आणि सोड्याचा कोणता, हे कसे कळणार? म्हणून साच्यावर ठळक अक्षरांत 'फक्त साबणासाठी' असे लिहा. तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

शिक्षकांनाही एक विनंती. हा प्रयोग आपल्या देखरेखीखाली, हातमोजे आणि चष्मा घालूनच होऊ द्यावा. आणि गुण देताना वडीबरोबर साचाही पाहावा. सुंदर वडी कोणालाही विकत आणता येते. नीट राखलेला साचा मात्र विद्यार्थ्याने प्रयोग किती समजून केला, हे दाखवतो.